टॉमस क्रॅन्मर : भाकर, द्राक्षारस आणि प्रार्थनेची भाषा

येशू ख्रिस्ताने अटकेपूर्वीच्या अखेरच्या भोजनप्रसंगी भाकर मोडून शिष्यांना दिली आणि ती आपले शरीर होय असे सांगितले. प्याला देऊन त्यातील द्राक्षारस आपले रक्त होय असे सांगितले. तीन शुभवर्तमानांत आणि पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात हा प्रसंग आलेला आहे. या विधानातील 'होय' या क्रियापदाचा अर्थ काय घ्यावयाचा, या एका प्रश्नावर पश्चिम युरोपातील ख्रिस्ती विचारवंत नवव्या शतकापासून भांडत आले आणि सोळाव्या शतकात तर त्यासाठी माणसे जिवंत जाळण्यात आली. आपल्याकडील काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा अभिधा आणि लक्षणा यांचा वाद होता. गंगेवर गवळीवाडा आहे असे कोणी म्हटले तर वाडा प्रवाहावर नसून तीरावर आहे असे आपण समजतो, कारण वाच्यार्थ तेथे बाधित होतो. ख्रिस्ताच्या वाक्यात वाच्यार्थ बाधित होतो की नाही, हाच वादाचा मुद्दा होता. अलंकारशास्त्रातील अशा प्रश्नासाठी आपल्याकडे कोणी प्राण गमावल्याचे ऐकिवात नाही. इंग्लंडमध्ये मात्र या प्रश्नाने एका आर्चबिशपचा बळी घेतला, आणि त्याच आर्चबिशपने इंग्रजी गद्याला त्याची प्रार्थनेची भाषा दिली. टॉमस क्रॅन्मर हे त्याचे नाव.

क्रॅन्मरचा जन्म २ जुलै १४८९ रोजी नॉटिंगहॅमशरमधील ॲस्लॉक्टन या खेड्यात एका मध्यम स्थितीतील जमीनदार कुटुंबात झाला. चौदाव्या वर्षी तो केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेला. त्याला पदवी मिळण्यास आठ वर्षे लागली, यावरून तो मंदगतीचा विद्यार्थी होता असे म्हणता येते. परंतु ही मंदगती बुद्धीची नसून स्वभावाची होती. कोणतेही पुस्तक तो हातात लेखणी घेऊन वाचीत असे, दोन्ही पक्षांची वचने उतरून ठेवीत असे आणि निर्णय पुढे ढकलीत असे. कॉलेजातील फेलोपद मिळाल्यावर त्याने जोन नावाच्या स्त्रीशी विवाह केला आणि नियमाप्रमाणे ते पद गमावले. पत्नी पहिल्याच बाळंतपणात मूल गेल्यासह मरण पावली. कॉलेजाने त्याला परत घेतले, पुढे त्याने धर्मदीक्षा घेतली आणि १५२६ मध्ये तो धर्मशास्त्राचा डॉक्टर झाला. त्या वर्षी त्याचे वय सदतीस होते. येथून पुढे तो केंब्रिजमध्येच वाचीत आणि शिकवीत म्हातारा झाला असता, तर त्याचे नाव आज कोणाला माहीत झाले नसते.

१५२९ च्या उन्हाळ्यात केंब्रिजमध्ये साथ आली म्हणून तो वॉल्थम येथे दोन विद्यार्थ्यांच्या घरी राहावयास गेला. तेथे त्याची गाठ स्टीफन गार्डिनर आणि एडवर्ड फॉक्स या राजाच्या दोन कारभाऱ्यांशी पडली. आठव्या हेन्रीला कॅथरिन राणीशी झालेला आपला विवाह रद्द करून हवा होता आणि रोममध्ये ते प्रकरण अडकून पडले होते. युरोपातील विद्यापीठांतील धर्मशास्त्रज्ञांची मते मागवावी, असे क्रॅन्मरने जेवताना सुचविले. ही सूचना राजाच्या कानावर गेली आणि क्रॅन्मर राजसेवेत ओढला गेला. या भेटीतील गार्डिनर हा पुढे त्याचा जन्मभराचा प्रतिपक्षी होणार होता.

१५३२ मध्ये क्रॅन्मर सम्राट पाचव्या चार्ल्सकडे राजदूत म्हणून गेला. जर्मनीत न्यूरेंबर्ग शहराने ल्यूथरचा पंथ स्वीकारला होता. तेथील धर्मोपदेशक आंद्रेआस ओसियांडर याच्या पत्नीची भाची मार्गारेटे हिच्याशी क्रॅन्मरने विवाह केला. रोमन चर्चच्या धर्मगुरूला विवाह निषिद्ध होता. तेव्हा हे कृत्य त्याच्या बदलत्या मनाचे पहिले उघड चिन्ह होय. उघड म्हणणे तरी कितपत योग्य, हा प्रश्नच आहे, कारण पुढे अनेक वर्षे ही पत्नी जगापासून लपविलेली होती. त्याच वर्षी कँटरबरीचा वृद्ध आर्चबिशप वॉरम मरण पावला आणि राजाने त्या जागी क्रॅन्मरला नेमले. ३० मार्च १५३३ रोजी त्याचा अभिषेक झाला. पोपशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेण्यापूर्वी ही शपथ ईश्वराचा कायदा आणि राजाचे हक्क यांच्या आड येणार नाही, असे निवेदन त्याने साक्षीदारांसमोर नोंदवून ठेवले. शपथ घ्यावयाची आणि तिचे बंधन आधीच सैल करून ठेवावयाचे, ही युक्ती कायद्याला धरून असेल. त्याच्या मनाला ती किती सुखाची वाटली असेल हे सांगवत नाही. २३ मे रोजी त्याने राजाचा विवाह रद्द ठरविला आणि १ जून रोजी ॲन बुलिनच्या मस्तकी मुकुट ठेवला.

येथे मूळ वादाकडे थोडे वळले पाहिजे. लॅटिन चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेने असे ठरविले होते की, धर्मगुरूने वेदीवर ख्रिस्ताचे शब्द उच्चारताच भाकर आणि द्राक्षारस यांचे रूपांतर ख्रिस्ताच्या शरीरात आणि रक्तात होते. टॉमस अक्वायनसने ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत त्याची मांडणी केली : पदार्थाचे द्रव्य बदलते, मात्र रंग, रुची, आकार हे गुण पूर्वीचेच राहतात. भारतीय वाचकाला यातील अडचण तत्काळ जाणवेल. वैशेषिकांच्या मते गुण हा द्रव्याच्या आश्रयानेच राहतो. आश्रय गेला तर गुण कोठे राहणार? अक्वायनसलाही हे ठाऊक होते. म्हणूनच हे गुण ईश्वराच्या सामर्थ्याने निराश्रित टिकतात, असे त्याला म्हणावे लागले. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ही सवलत मोठी खरी. परंतु सामान्य भाविकाला तत्त्वज्ञानाशी कर्तव्य नव्हते. मिस्साच्या वेळी घंटा वाजून धर्मगुरू ती पातळ भाकर दोन्ही हातांनी वर उचली, आणि गुडघे टेकलेली मंडळी त्या क्षणी प्रत्यक्ष ईश्वराचे दर्शन घेत. वर्षातून एकदाच ते प्रसादसेवन करीत. पाहणे हाच त्यांचा नित्याचा लाभ होता.

ल्यूथरने द्रव्यांतराचा सिद्धान्त नाकारला, पण ख्रिस्ताचे शरीर भाकरीत, भाकरीबरोबर, खरोखर उपस्थित असते हे मत त्याने सोडले नाही. झुरिकच्या झ्विंग्लीने क्रियापदाचा लाक्षणिक अर्थ घेतला : भाकर शरीराची निदर्शक आहे आणि विधी हा स्मरणाचा आहे. ऑक्टोबर १५२९ मध्ये मारबुर्ग येथे दोघे समोरासमोर आले, बाकी चौदा मुद्द्यांवर त्यांचे एकमत झाले, पंधराव्यातील या एका उपप्रश्नावर ते फाटले आणि प्रॉटेस्टंट चळवळ कायमची दुभंगली. मराठी ख्रिस्ती समाजातही या इतिहासाची खूण शब्दांत उरली आहे. वसईचा कॅथलिक मिस्साला जातो. अहमदनगरकडील प्रॉटेस्टंट प्रभुभोजन घेतो.

आर्चबिशप झाल्यानंतर काही आठवड्यांतच क्रॅन्मरसमोर जॉन फ्रिथ नावाच्या तरुण पंडिताचे प्रकरण आले. भाकरीतील शारीरिक उपस्थिती हा श्रद्धेचा अनिवार्य भाग मानू नये, ज्याला जसे वाटेल तसे त्याने मानावे, असे फ्रिथचे म्हणणे होते. क्रॅन्मरने त्याला तीनचार वेळा बोलावून समजावून पाहिले, तो बधला नाही, आणि ४ जुलै १५३३ रोजी लंडनमधील स्मिथफील्ड येथे तो जाळला गेला. या काळातील एका पत्रात क्रॅन्मरने फ्रिथचे प्रकरण राज्याभिषेकाच्या बातम्यांच्या ओघात सांगून टाकले आहे. त्यात क्रौर्य नाही, पण अस्वस्थताही नाही. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १५३८ मध्ये, जॉन लॅम्बर्टची चौकशी खुद्द राजापुढे झाली. हेन्री त्या दिवशी नखशिखान्त पांढऱ्या वस्त्रांत न्यायासनावर बसला होता. लॅम्बर्ट शारीरिक उपस्थिती नाकारीत होता. त्याचे मत खोडून काढण्याचे काम ज्यांच्यावर सोपविले होते त्यांत क्रॅन्मर होता. त्याचा स्वर सौम्य होता असे सांगतात. लॅम्बर्टच्या नशिबी आलेली चिता मात्र सौम्य नव्हती.

१५३९ मध्ये संसदेने सहा कलमांचा कायदा केला. त्याने वेदीवरील शारीरिक उपस्थिती नाकारणाऱ्यास जाळण्याची शिक्षा ठरविली आणि धर्मगुरूंचे विवाह अवैध ठरविले. क्रॅन्मरने या कायद्याला सभागृहात विरोध केला, राजा स्वतः तेथे आल्यावर तो गप्प बसला आणि मार्गारेटेला त्याने जर्मनीस पाठवून दिले. राजाचे मात्र त्याच्यावर विलक्षण प्रेम होते. १५४३ मध्ये कँटरबरीच्या काही धर्मगुरूंनी त्याच्यावर पाखंडाचे आरोप लिहून पाठविले. राजाने त्याला आपल्या नावेत बोलावून घेतले, केंट परगण्यातील सर्वांत मोठा पाखंडी कोण हे आपल्याला आता कळले असे हसत सांगितले, आणि त्या आरोपांच्या चौकशीवर प्रमुख म्हणून खुद्द क्रॅन्मरचीच नेमणूक केली! आठव्या हेन्रीच्या दरबारात टॉमस मोर, टॉमस क्रॉमवेल, ॲन बुलिन यांची मस्तके गेली, क्रॅन्मरचे वाचले. राजा हा ईश्वरनियुक्त असून चर्चचाही प्रमुख आहे, ही त्याची श्रद्धा भाबडी असेल, पण खोटी नव्हती. ती खोटी नव्हती म्हणूनच शेवटी तिने त्याचा घात केला.

त्याच्या मतांतराची कथा पुस्तकापासून सुरू होते. नवव्या शतकात फ्रान्समधील कॉर्बी येथील मठात पाशासियस राडबर्टस आणि रॅट्रॅम्नस असे दोन संन्यासी होते. वेदीवरील शरीर हे मरियेपासून जन्मलेले तेच शरीर होय, असे पहिल्याने लिहिले. राजाने विचारणा केल्यावरून दुसऱ्याने असे उत्तर दिले की, ते शरीर आहे खरे, परंतु रूपकाने आणि आध्यात्मिक रीतीने, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाराने नव्हे. हा ग्रंथ मागे पडला होता. सोळाव्या शतकात तो छापला गेला. निकोलस रिड्ली या केंब्रिजच्या पंडिताने तो १५४५ च्या सुमारास वाचला आणि लॅटिन चर्चच्या पोटातच जुने भिन्न मत होते हे त्याच्या ध्यानी आले. त्याने ते क्रॅन्मरला दाखविले. नव्या मताला क्रॅन्मर भीत असे. हे मत जुने होते, ही गोष्ट त्याला मोलाची वाटली. १५४६ च्या आसपास शारीरिक उपस्थितीवरील त्याचा विश्वास उडाला. त्या वेळी त्याचे वय सत्तावन होते. ज्या मतासाठी फ्रिथ आणि लॅम्बर्ट जळाले होते, त्याच्या अगदी जवळ तो येऊन उभा राहिला होता.

२८ जानेवारी १५४७ रोजी हेन्री मरण पावला. शेवटच्या क्षणी त्याचा हात क्रॅन्मरच्या हातात होता. त्यानंतर क्रॅन्मरने दाढी वाढविली. ती शोकाची खूण होती, आणि जुन्या चर्चच्या गुळगुळीत हनुवटीला दिलेला निरोपही तीत असावा. मार्गारेटे आता उघडपणे त्याच्या घरी राहू लागली. नवा राजा सहावा एडवर्ड नऊ वर्षांचा होता आणि राज्यकारभार सुधारकांच्या हाती होता. परदेशातून विद्वान येऊ लागले. इटलीतून निघालेला पीटर मार्टर व्हर्मिग्ली ऑक्सफर्डला आणि स्ट्रासबुर्गहून मार्टिन बुत्सर केंब्रिजला प्राध्यापक झाला.

क्रॅन्मरचे खरे कार्य या सहा वर्षांतले आहे. १५४४ मध्ये त्याने इंग्रजी सामुदायिक विनंतीप्रार्थना रचली होती. तीच पुढील सर्व रचनेची तालीम ठरली. १५४९ मध्ये सर्व इंग्लंडसाठी इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सिद्ध झाला आणि ९ जूनच्या पेंटेकॉस्टच्या रविवारपासून तो सक्तीचा करण्यात आला. लॅटिन प्रार्थनांची आटोपशीर घडण त्याने इंग्रजीत आणली आणि तसे करताना एक गोष्ट ओळखली : हे शब्द डोळ्यांनी वाचावयाचे नाहीत, मोठ्याने म्हणावयाचे आहेत, आणि तेही वर्षानुवर्षे, निरक्षर माणसांसह. म्हणून एका लॅटिन शब्दासाठी तो अनेकदा दोन इंग्रजी शब्द ठेवतो, एक देशी आणि एक लॅटिन कुळातला. वाक्य श्वासाच्या जागी थांबते आणि जड अक्षरावर संपते. त्याला मौलिक कवी म्हणता येणार नाही, कारण त्याने बहुतेक सर्व दुसऱ्याकडून घेतले आहे. परंतु घेतलेल्याला लोकभाषेत असा कायमचा देह देणे हे केवळ भाषांतर नव्हे. संस्कृतातील तत्त्वज्ञान मराठीत उतरताना काय घडले, याचा ज्यांनी अभ्यास केला आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

लोकभाषा म्हणजे कोणाची भाषा, हा प्रश्न मात्र लगेचच उभा राहिला. डेव्हनमधील सॅम्पफर्ड कोर्टनी या गावी नव्या ग्रंथाने उपासना झाली आणि दुसऱ्याच दिवशी गावकऱ्यांनी धर्मगुरूला जुना मिस्सा म्हणावयास लावले. तेथून बंड पेटले. बंडवाल्यांच्या मागण्यांत लॅटिन मिस्सा होता, वेदीवर प्रसादाची पूजा होती, आणि कॉर्नवॉलच्या लोकांची अशीही तक्रार होती की आपल्यापैकी काहींना इंग्रजी कळतच नाही. त्यांना नवा विधी नाताळातल्या सोंगासारखा वाटला. क्रॅन्मरने या मागण्यांना लेखी उत्तर दिले. त्यात त्याने विचारले आहे की, तुमच्यापैकी लॅटिन तरी किती जणांना कळते? तर्क बिनतोड आहे, पण स्वर कठोर आहे. त्या लोकांची अडचण अर्थाची नव्हती. पूर्वजांनी ज्या ध्वनीत ईश्वराला पाहिले तो ध्वनी हिरावला गेल्याचे त्यांना दुःख होते, हे त्या मोठ्या शब्दप्रभूला उमगले नाही. बंड शस्त्रबळाने मोडण्यात आले आणि हजारो माणसे मारली गेली.

१५४९ च्या ग्रंथातील शब्द क्रॅन्मरने हेतुतः मोघम ठेवले होते. भाकर देताना धर्मगुरू म्हणे की, तुझ्यासाठी दिलेले ख्रिस्ताचे शरीर तुझे शरीर आणि तुझा आत्मा अनंत जीवनासाठी राखो. गार्डिनर या वेळी लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. तेथून त्याने असे दाखवून दिले की, या शब्दांतून जुने कॅथलिक मत सहज काढता येते. ग्रंथकाराला यापेक्षा वर्मी लागणारा अभिप्राय मिळणे कठीण. क्रॅन्मरने १५५० मध्ये या विषयावर पाच भागांचा ग्रंथ लिहिला, गार्डिनरने त्याला उत्तर दिले, आणि १५५१ मध्ये क्रॅन्मरने गार्डिनरचे सर्व लिखाण छापून त्याला परिच्छेदागणिक प्रत्युत्तर दिले.

त्याचे मत थोडक्यात असे. ख्रिस्त सदेह स्वर्गात गेला आहे. खऱ्या मानवी देहाला एकच स्थान असते. तो हजार वेदींवर एकाच वेळी असेल तर तो मानवी देहच उरणार नाही. म्हणून भाकर भाकरच राहते. परंतु सूर्य आकाशात असूनही जसा प्रकाशाने आणि उष्णतेने पृथ्वीवर असतो, तसा ख्रिस्त श्रद्धेने घेणाऱ्याच्या अंतःकरणात असतो आणि त्याला खरोखर पोसतो. उपस्थिती भाकरीत नाही, भाकर घेणाऱ्यात आहे. जो श्रद्धेवाचून खातो, तो केवळ भाकर खातो. हे मत झ्विंग्लीच्या नुसत्या स्मरणापाशी थांबत नाही आणि ल्यूथरपर्यंत पोहोचत नाही. त्यात संदिग्धता आहे असे विरोधक म्हणत. पण पोषणाच्या कल्पनेवर क्रॅन्मर ज्या आग्रहाने पुन्हा पुन्हा येतो, त्यावरून हा विधी त्याला रिकामा वाटत नव्हता हे स्पष्ट होते.

१५५२ च्या दुसऱ्या ग्रंथात मोघमपणा गेला. वेदीच्या जागी मेज आले, खास पातळ भाकरीच्या जागी नेहमीची भाकर आली, आणि उरलेली भाकर धर्मगुरूने घरी नेऊन खावी अशी सूचनाही आली. त्या एका व्यावहारिक ओळीत द्रव्यांतराचा सारा सिद्धान्त बाद झाला आहे. भाकर देतानाचे वाक्य पार बदलले. आता धर्मगुरू सांगे की, ख्रिस्त तुझ्यासाठी मरण पावला याची आठवण ठेवून ही घे आणि खा, आणि अंतःकरणात श्रद्धेने, कृतज्ञतेने त्याचे सेवन कर. शरीर हा शब्दच या वाक्यातून नाहीसा झाला. काही जहाल सुधारक यावरही थांबले नाहीत. भाकर घेताना गुडघे टेकणे ही मूर्तिपूजा होय, असे जॉन नॉक्सने राजापुढील प्रवचनात सांगितले. क्रॅन्मर या वेळी मात्र अडून बसला. शास्त्रात जे सांगितलेले नाही ते सर्व त्याज्य ठरविले तर कोणताही नियम उरणार नाही, असे त्याने मंत्रिमंडळाला लिहिले. अखेर गुडघे टेकणे राहिले आणि त्यात पूजेचा हेतू नाही, असा खुलासा ऐन वेळी ग्रंथात घालण्यात आला.

या वर्षांचा दुसरा पैलूही नोंदवला पाहिजे. १५५० मध्ये जोन बोकर ही स्त्री आणि १५५१ मध्ये जॉर्ज व्हान पॅरिस हा परदेशी मनुष्य ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या मतांसाठी जाळले गेले. त्यांचे खटले क्रॅन्मरच्या अधिकारात चालले होते. प्रसादाविषयीचे त्याचे मत बदलले होते. मतासाठी माणूस जाळावा की नाही, याविषयीचे बदलले नव्हते.

६ जुलै १५५३ रोजी एडवर्ड मरण पावला. लेडी जेन ग्रेला गादीवर बसविण्याच्या कटात क्रॅन्मरने नाखुशीने सही केली होती. कॅथरिनची मुलगी मेरी राणी झाली. क्रॅन्मरने कँटरबरीत स्वतः होऊन मिस्सा पुन्हा सुरू केला अशी वदंता उठली, तेव्हा त्याने ती खोडून काढणारा मजकूर लिहिला आणि तो लंडनभर पसरला. त्याला पळून जाण्याची संधी होती. अनेक बिशप गेलेही. सप्टेंबरमध्ये तो पकडला गेला आणि नोव्हेंबरमध्ये राजद्रोहासाठी दोषी ठरला. परंतु राणीला त्याचा पाखंडी म्हणून निकाल हवा होता.

मार्च १५५४ मध्ये क्रॅन्मर, रिड्ली आणि वृद्ध ह्यू लॅटिमर यांना ऑक्सफर्डला आणले. एप्रिलमध्ये विद्यापीठात जाहीर वाद ठेवला गेला. विषय तीन : वेदीवर ख्रिस्ताचे नैसर्गिक शरीर असते, भाकरीचे द्रव्य उरत नाही, आणि मिस्सा हा पापक्षालक यज्ञ आहे. १६ एप्रिल रोजी क्रॅन्मर एकटा उभा राहिला. समोर पंडितांचा जमाव होता, मध्येच हुर्यो होत होती, आणि निकाल आधीच ठरलेला होता. तरीही तो दिवसभर संयमाने बोलला, असे त्याच्या विरोधकांनाही वाटले.

सप्टेंबर १५५५ च्या चौकशीत राणीचा वकील टॉमस मार्टिन याने त्याला खरा घाव घातला. लॅम्बर्टला दोषी ठरविलेत तेव्हा तुमचे मत कोणते होते, असे त्याने विचारले. तेव्हा आपण पोपपक्षाचेच मत मांडीत होतो, अशी कबुली क्रॅन्मरला द्यावी लागली. मग तुम्ही तीन परस्परविरुद्ध मते शिकविलीत, असे मार्टिन म्हणाला. तीन नव्हे, दोनच, असे क्रॅन्मरचे उत्तर होते. ते खरे असावे; पण सतरा वर्षांपूर्वी जळालेल्या माणसाच्या दृष्टीने त्या हिशेबाला काय अर्थ होता? रिड्लीमुळे आपले मत बदलले, हेही त्याने या वेळी सांगितले.

१६ ऑक्टोबर १५५५ रोजी रिड्ली आणि लॅटिमर यांना नगराच्या तटाबाहेर जाळले. ते पाहण्यासाठी क्रॅन्मरला तुरुंगाच्या गच्चीवर नेण्यात आले. रिड्लीच्या चितेतील लाकडे नीट पेटली नाहीत आणि त्याला फार वेळ यातना झाल्या. त्यानंतरचे महिने क्रॅन्मरने एकाकीपणात काढले. स्पॅनिश डॉमिनिकन संन्यासी व्हिलागार्सिया त्याच्याशी चर्चा करी. मध्यंतरी त्याला क्राइस्ट चर्चच्या डीनच्या घरी हलवून सन्मानाने ठेवले. त्याच्या मनात एक जुना पेच होता. राजसत्ता हीच चर्चची ईश्वरनियुक्त प्रमुख असेल, आणि तीच आता पोपला मानीत असेल, तर आज्ञापालन कोणते आणि अवज्ञा कोणती? १५५६ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत त्याने सहा माघारपत्रांवर सह्या केल्या. पहिली चार सावध आहेत. पाचव्यात त्याने पोप आणि द्रव्यांतर दोन्ही मान्य केले. सहाव्यात स्वतःला चर्चचा छळक म्हणवून घेतले. मध्ये १४ फेब्रुवारीला त्याची धर्मपदे समारंभपूर्वक काढून घेण्यात आली. ते काम करताना त्याचा जुना मित्र बिशप थर्लबी रडत होता.

पश्चात्ताप केलेल्या पाखंड्याला प्रथेप्रमाणे जीवदान मिळावयास हवे होते. मेरीने ते दिले नाही. आईचा विवाह रद्द ठरविणाऱ्या माणसाविषयी तिचे मन समजू शकते. पण राजकारण म्हणून हा निर्णय विनाशक ठरला.

२१ मार्च १५५६ हा पावसाचा दिवस होता, म्हणून प्रवचन चितेजवळ न होता सेंट मेरी चर्चमध्ये झाले. क्रॅन्मरला उंच मंचावर उभे केले होते. त्याने वाचावयाचा मजकूर आधी तपासला गेला होता. प्रार्थना आणि उपदेश त्याने ठरल्याप्रमाणे म्हटले. शेवटी मात्र तो मजकुराबाहेर गेला. मृत्यूच्या भयाने आपल्या हाताने मनाविरुद्ध जे लिहिले ते सर्व आपण नाकारतो, असे तो म्हणाला. ज्या हाताने ते लिहिले तो हात आधी जळेल. पोप त्याने नाकारला, आणि प्रसादाविषयी आपले मत गार्डिनरविरुद्धच्या ग्रंथात लिहिले तेच आहे, असे तो म्हणत असतानाच त्याला खाली ओढण्यात आले. भर पावसात तो इतक्या वेगाने चितेकडे गेला की बरोबरच्यांना त्याच्या मागे पळावे लागले. ज्वाळा वर येताच त्याने उजवा हात पुढे करून तीत धरला. ही हकीगत प्रॉटेस्टंट चरित्रकाराने रचलेली नाही. ती पाहणाऱ्या एका कॅथलिक माणसाचे पत्रही उपलब्ध आहे. त्याला क्रॅन्मरच्या मताचा तिटकारा होता, धैर्याचा नव्हता. क्रॅन्मरचे वय सहासष्ट होते.

गार्डिनर चार महिने आधीच वारला होता. मेरी १५५८ मध्ये वारली. तिच्या कारकीर्दीत सुमारे दोनशे ऐंशी माणसे जाळली गेली. मार्गारेटेने पुढे एडवर्ड व्हिटचर्चशी विवाह केला. प्रार्थनाग्रंथ ज्यांनी छापले त्यांतला तो एक मुद्रक.

पारडे आता उलट फिरले. एलिझाबेथच्या राज्यात मिस्सा म्हणणे गुन्हा ठरला आणि कॅथलिक तरुण देश सोडू लागले. पहिला प्रार्थनाग्रंथ निघाला त्या सुमारास विल्टशरमध्ये जन्मलेला टॉमस स्टीफन्स हा त्यांतला एक. तो रोमला जाऊन जेझुइट झाला, १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१६ मध्ये त्याचे ख्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले. इंग्लंडमध्ये लोकभाषेने मिस्साला हटविले. गोव्यात मिस्सा मानणाऱ्या इंग्रजाने ख्रिस्तकथेसाठी मराठी ओवी उचलली. लोकभाषेचा पक्ष कोणा एका पंथाचा नव्हता, हे क्रॅन्मरच्या चरित्रावरून एकट्याने कळले नसते.

१५५९ मध्ये एलिझाबेथच्या संसदेने १५५२ चा ग्रंथ पुन्हा चालू केला, पण एक लहान बदल करून. भाकर देतानाची दोन्ही वाक्ये, १५४९ चे आणि १५५२ चे, एकापुढे एक जोडली गेली. गुडघे टेकण्याविषयीचा खुलासा गाळला गेला. १६६२ मध्ये तो परत आला तेव्हा त्यातून खऱ्या उपस्थितीचा निषेध वगळून केवळ दैहिक उपस्थितीचा निषेध ठेवण्यात आला. क्रॅन्मरला हे जोडवाक्य आवडले नसते. गार्डिनरलाही नसते. परंतु १७१८ मध्ये मुंबईच्या कोटात सेंट टॉमसचे चर्च उपासनेसाठी खुले झाले, तेव्हा तेथे भाकर घेणाऱ्याच्या कानी एका श्वासात जी दोन वाक्ये पडत, त्यांपैकी पहिल्यात शरीर होते आणि दुसऱ्यात स्मरण.